चिंचेनं घासलेला बँजो

खंडेनवमीला आमच्या पाटावर काय मांडायचं हे मी ठरवत नाही. तो प्रांत माझ्या नवऱ्याचा. आम्ही दोघं सांगलीच्या कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलं नाही. पण या एका बाबतीत मी त्याला मान देते, कारण समया, निरांजनं, ताम्हन, तबक सगळं तोच घासतो. बाजारातली पावडर त्याला चालत नाही. चिंच भिजवायची, मीठ घालायचं आणि बाह्या वर करून सिंकपाशी उभं राहायचं. न्यू जर्सीत येऊन पंचवीसेक वर्षं झाली, घरं तीन बदलली, पण आमच्या देवघरातलं पितळ काळं पडलेलं कुणी पाहिलेलं नाही.

घासून झालं की पाटावर लॅपटॉप येतात, गाडीच्या किल्ल्या येतात, स्क्रूड्रायव्हरचा डबा आणि माझी विळी येते. ज्याच्यावर आपलं चालतं ते पुजायचं, असा त्याचा साधा हिशेब. मुलगी कॉलेजात होती तोवर तिचाही लॅपटॉप असायचा. मग तिनं कॉम्प्युटरचं मास्टर्स मध्येच सोडलं, आणि पाटावरची तिची जागा रिकामी राहायला लागली. त्यावर कुणी बोलायचं नाही. आमच्या घरात जे सगळ्यात जास्त खुपतं त्याच्यावर कुणी बोलत नाही, आणि भाजीत मीठ कमी पडलं की मात्र अर्धा तास चर्चा चालते.

सोडून तिनं काय केलं? शेजारच्या राज्यातल्या स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून अर्ध्या तासावर, डोंगरातल्या एका गावात एका म्हाताऱ्याचा बँजो दुरुस्तीचा कारखाना आहे, तिथं ती कामाला लागली. कारखाना कसला, गवताचं एक जुनं कोठार, आत दोन लांब टेबलं आणि एक शेगडी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं असेल. चार वर्षं झाली.

मंडळात लोकांना फुकटचा विषय मिळाला. आपल्याकडे बँजो म्हणजे वरातीतला, बटणं दाबून वाजवायचा. एका काकांनी मला गणपतीत सगळ्यांसमोर विचारलं, मग मुलीच्या लग्नात वाजंत्रीचा खर्च वाचला म्हणायचा? मी म्हटलं, हो ना काका, तुमच्या मुलाच्या लग्नातही स्वस्तात लावून देऊ, तेवढं त्याचं एकदा ठरू दे. काका लगेच प्रसादाच्या रांगेकडे वळले. मी फटकळ आहे हे मला ठाऊक आहे. पण घरी येताना मी गाडीतच रडले, हेही खरं. बापाला तर असं उत्तर देणंही जमायचं नाही. "ती डिझाइनमध्ये आहे," एवढं पुटपुटून तो बटाटेवडे मोजायला निघून जायचा.

मला स्वतःला त्या वाद्यात गोडी लागली ती भोपळ्यामुळे. मी मिरजेची. आमच्या घरामागच्या गल्लीत तंबोरे आणि सतारी बनायच्या, गच्च्यांवर भोपळे वाळत पडलेले असायचे. एकदा व्हिडिओ कॉलवर मुलगी सांगत होती की बँजो मुळात अमेरिकेचा नाहीच. आफ्रिकेतून जी माणसं साखळदंडात इथं आणली, त्यांनी आपल्या गावाकडचं वाद्य आठवून आठवून इथं बनवलं. भोपळा कापला, त्यावर बकऱ्याचं कातडं ताणलं, लाकडाचा दांडा घातला, तारा लावल्या. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. ज्यांच्याजवळ अंगावरचे कपडेही स्वतःचे नव्हते, त्यांनी भोपळा शोधून गाणं केलं. आणि आमच्या गल्लीत चांगलंचुंगलं खाऊनपिऊन लोक सुरांवरून भांडायचे.

पुढं गोऱ्या कारागिरांनी ते वाद्य उचललं. भोपळ्याच्या जागी चाळणीसारखा वाकवलेल्या लाकडाचा गोल आला, त्यावर पितळेचं कडं आलं, कातडं ताणून धरायला भोवती पितळेचे आकडे आले. एक गोष्ट मात्र तशीच राहिली. पाचांपैकी एक तार आखूड, तिची खुंटी दांड्याच्या अर्ध्यावरच. आधी मला वाटलं, लाकूड पुरलं नसेल. मुलीनं ती तार छेडली आणि मग बाकीच्या. सा, खालचा प, सा, ग, प. आखूड तार म्हणजे वरचा सा, सगळं गाणं होईपर्यंत अंगठ्याखाली वाजतच राहणारा. मी म्हटलं, अगं, हा तर तंबोराच आहे, जरा चळवळ्या स्वभावाचा. ती खूप हसली. माझं बोलणं तिला आवडल्याचं मला बऱ्याच दिवसांनी दिसलं.

तर या म्हाताऱ्याच्या भिंतीवर त्याच्या आजीचा बँजो टांगलेला होता. शंभराहून जास्त वर्षांचा. त्याची जशीच्या तशी नवी आवृत्ती काढायची, अशी कल्पना मुलीच्या डोक्यात आली. म्हातारा आधी नको म्हणाला, मग बघू म्हणाला, मग म्हणाला, एक नमुना करून दाखव. पसंत पडला तर कारखाना हे मॉडेल काढेल आणि ते बनवण्याचं काम कायमचं तुझं. नाही पडला तर मी आता थकलोय, वर्षाअखेरीस कुलूप लावतो.

हे तिनं आम्हाला सांगितलं तेव्हा बापानं संधी साधली. तो म्हणाला, ठीक आहे, पसंत पडला तर मी पुन्हा मास्टर्सचा विषय काढणार नाही. नाही पडला तर जानेवारीत परत कॉलेज. तिनं फोनवरच "डील" म्हटलं. बापलेकीनं माझ्या आयुष्याचा परस्पर सौदा केल्यासारखं वाटलं मला, कारण हरणार कुणीही असो, जेवायला दोघंही माझ्याच टेबलावर बसणार होते.

खंडेनवमीच्या शनिवारी ती बसनं घरी आली, पाठीवर तो नमुना. सोमवारी सकाळी म्हाताऱ्याला दाखवायचा होता. नव्या तारा रोज वाजवून बसवाव्या लागतात म्हणून आणला, असं ती म्हणाली. खरं कारण वेगळं होतं. तिला तो आधी बाबाला दाखवायचा होता. तिनं पेटी उघडून सोफ्यावर ठेवली आणि उगाच पाणी प्यायला गेली.

वाद्य सुरेख होतं, माझी मुलगी म्हणून नाही म्हणत. दांड्याच्या टोकाला सतारीसारखी नाजूक वळणं, त्यात शिंपल्याची एक चांदणी, मागून आरपार गेलेली लाकडी काठी. फक्त पितळ मळकं होतं. कडं काळपट, आकड्यांवर हिरवट डाग. बापानं चष्मा वर करून बघितलं, "छान आहे" म्हणाला आणि विचारलं की बसला गर्दी होती का. तिचा चेहरा पडला. मला त्या क्षणी त्याच्या डोक्यात तबक घालावंसं वाटलं.

दुपारी आम्ही दोघी आयसेलिनच्या देशी बाजारात गेलो. झेंडूची फुलं, आंब्याचे डहाळे, थोडं श्रीखंड. पार्किंग मिळेना, फुलांना रांग, वाटेत दोन ओळखीच्या मावश्या भेटल्या. यायला चांगला उशीर झाला. दार उघडलं तर चिंचेचा आंबट वास, आणि पाट मांडून तयार.

लॅपटॉप कडेला सारलेले होते. मधोमध बँजो होता. त्याचं कडं, आकडे, खुंट्यांच्या पट्ट्या, सगळं समईसारखं लखलखत होतं. कातड्याला ओल लागू नये म्हणून त्यानं वर स्वयंपाकघरातलं प्लास्टिक ताणून चिकटवलं होतं, तेवढा शहाणपणा मात्र केला होता. एकेक आकडा जुन्या टूथब्रशनं घासला होता. बोटं सुरकुतली होती आणि चेहऱ्यावर असा आनंद, की तसा मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

मुलगी दारातच थांबली. तिच्या हातातली झेंडूची पिशवी मी घेतली, नाहीतर पडली असती.

"बाबा," ती म्हणाली, "दॅट वॉज द होल पॉइंट."

मग हळूहळू उलगडलं. ते मळकेपण तिनं केलेलं होतं. भिंतीवरचा बँजो जसा काळवंडला होता, हुबेहूब तसा रंग आणायला तिनं पितळेचे तुकडे अमोनियाच्या वाफेवर ठेवले होते, व्हिनेगरमध्ये बुडवले होते, कितीतरी बिघडवून टाकून दिले होते. अख्खा सप्टेंबर त्यात गेला होता. इथं लोकांना नवी वस्तू जुनी दिसलेली आवडते, त्यासाठी पैसे मोजतात. आमच्या या गृहस्थानं तो सप्टेंबर एका दुपारी सिंकमध्ये वाहवला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

तो बिचारा म्हणत राहिला, अगं, पण पितळ काळं कोण ठेवतं? इतकं सुंदर काम केलंस, म्हटलं एवढंच राहिलंय, तेवढं आपण करावं. ती वर निघून गेली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते अगदी हळू लावलं.

मी दोघांवर चिडले. आधी त्याच्यावर, विचारायचं नाही का म्हणून. मग वर जाऊन तिच्यावर. मी म्हटलं, चार वर्षं तुझी पाटावरची जागा रिकामी होती, ती आज त्यानं भरलीय. त्याला तोंडानं बोलता येत नाही, हातानं येतं. तुझं काम बिघडलं हे मला कळतंय आणि त्याबद्दल मी त्याला वर्षभर सोडणार नाही. पण तो काय म्हणाला ते ऐकलंस का तू? ती उशीत तोंड घालून म्हणाली, ऐकलं, म्हणूनच धड रागावताही येत नाहीये.

तासाभरानं ती खाली आली. डोळे सुजलेले. पूजेला बसली आणि हळदकुंकू कातड्याला न लावता मागच्या काठीला लावलं. आरतीला तिनं बँजो मांडीवर घेतला. माझा नवरा आरती ज्या पट्टीत सुरू करतो तिच्यात कधी संपवत नाही. त्या दिवशी मात्र तो आखूड तारेचा सा त्याला सोडेना. कडव्याकडव्याला घसरायचा आणि तार त्याला परत ओढून आणायची. शेवटी आम्हाला तिघांनाही हसू फुटलं, आणि कापूर तसाच जळत राहिला.

तिला सोडायला एरवीही आम्हीच जातो. रविवारी चार तास गाडी चालवून गेलो, आणि सोमवारी सकाळी आयुष्यात पहिल्यांदा तो कारखान्यात आला. ती नको नको म्हणत होती. तो म्हणाला, चूक माझी, मी सांगतो.

म्हातारा ऐंशीच्या घरातला, कानात मशीन, हातात कॉफीचा मग. मागच्या भिंतीवर आजीचा बँजो, काळा कुळकुळीत. मुलीनं पेटी उघडली आणि मागं सरकली. माझ्या नवऱ्यानं ऑफिसच्या मीटिंगमधल्या इंग्रजीत सुरुवात केली: नेमकं काय घडलं, कशामुळे घडलं, जबाबदारी कुणाची, पुढं काय उपाय. म्हाताऱ्यानं मधेच हात वर केला आणि विचारलं, कशानं घासलं? यानं कोटाच्या खिशातून चिंचेचा अर्धा गोळा काढला. पुरावा म्हणून आणला होता. मी जमिनीत तोंड लपवायला जागा शोधत होते. म्हाताऱ्यानं चिंच हुंगली, थोडी तोंडात टाकली आणि तोंड वाकडं करून चघळत बसला.

मग तो उठून नमुना घेऊन भिंतीपाशी गेला आणि दोन्ही बँजो शेजारी शेजारी धरून उभा राहिला. बराच वेळ. मुलीनं माझा हात धरला होता.

म्हातारा आमच्याकडे न बघता बोलायला लागला. त्याची आजी दर शनिवारी मागच्या पायरीवर बसून व्हिनेगर, मीठ आणि पीठ कालवून हे पितळ घासायची. तो लहान होता, शेजारी बसायचा. उन्हात त्याच्याकडे बघवायचं नाही, इतकं चमकायचं. हे तो विसरूनच गेला होता.

"ती गेल्यावर कुणी घासलं नाही," तो म्हणाला. "पोरी, तू नक्कल केलीस ती तिच्या बँजोची नाही. आम्ही तो टांगून ठेवला, त्या वर्षांची केलीस."

माझ्या नवऱ्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हाताऱ्यानं खुर्ची ओढली आणि तिला वाजवायला सांगितलं, आणि तो मऊपणा तिथंच संपला. दांडा मागून जाड आहे, हात थकेल. वरची पट्टी नीट बसलेली नाही, एक तार खुळखुळतेय. तिनं दिलेलं एकेक कारण त्यानं मोडून काढलं. शेवटी म्हणाला, या दोन गोष्टी दुरुस्त कर आणि पहिले सहा करायला घे. पितळ असंच, उजळ. काळं करायचं काम ज्याचं त्यानं आपल्या घरी करावं, वर्षं घालवून.

मी तिथंच त्या म्हाताऱ्याला मिठी मारली. तो दचकला असावा, कारण त्याची कॉफी माझ्या पाठीवर सांडली.

नोव्हेंबरात त्या सहा बँजोंचं पितळ आलं. ते घासायला माणूस हवा होता, आणि माझ्या नवऱ्यानं कुणी विचारायच्या आत सुट्टी टाकली. बरोबर चिंचेचे दोन मोठे गोळे आणि स्वतःचा एप्रन. मी सोबत गेले ते मजा बघायला. टेबलाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती दांडे तासतेय. त्यानं सकाळभर जीव तोडून सहा कडी घासली आणि ओळीनं मांडली. अशी लखलखत होती की मीही वा म्हटलं. ती आली, एकेक कडं उचलून खिडकीच्या उजेडात फिरवलं, आणि चार बाजूला काढली.

"बाबा, आतून राहिलंय."

तो म्हणाला, आतली बाजू कातड्याखाली जाते, ती कोण बघणार आहे?

"मी बघितली ना," ती म्हणाली, आणि परत जाऊन तासायला लागली. आवाज चढवला नाही, हसलीही नाही.

तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, हाताखाली केवढी टीम, आणि नाक तर असं की घरात मी भाजी चिरायची पद्धत सुचवली तरी फुगतो. म्हटलं, आता पेटणार. त्यानं ती चार कडी उचलली, चिंच परत भिजवली, आणि आतून घासायला बसला. दुपारी ती पुन्हा आली. तीन घेतली, एक परत दिलं. त्यानं तेही मुकाट्यानं घासलं. चौथं तिनं उजेडात धरलं, अंगठा आतून फिरवला आणि "ओके" म्हणून ठेवून दिलं. त्या एका ओकेवर हा माणूस शाळेतल्या पोरासारखा माझ्याकडे बघून हसला.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते. तो चिंचेनं पांढरी पडलेली बोटं चोळत बसला होता. हायवेला लागल्यावर मी विचारलं, काय रे, राग आला का?

"राग कसला," तो म्हणाला. मग खिडकीकडे तोंड वळवलं. "मी तिला कॉलेजात परत पाठवणार होतो गं. काय शिकायला पाठवणार होतो?"